साडेसातशे वॉट

"तुझ्या वायरिंगनं माझ्या नव्या कार्डाची वाट लावली, आक्का! मोटारी भरणाऱ्या बाईच्या हातात कॉम्प्युटरची लाईन द्यायलाच नको होती!"

सुगतचे हे शब्द कानावर पडले आणि महामायाच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला... उमरीपर्यंतचे शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन जिच्या दुकानाची पायरी चढत, जिने नवी तांब्याची तार गुंडाळून भरलेली मोटार पुन्हा जळत नाही अशी अख्ख्या मुदखेडात ख्याती, तिला हे ऐकवावं, आणि तेही पाठच्या भावाने, ज्याला तिने लेकरासारखं वाढवलं त्याने!

सुगत अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म कॉम्प्युटरवर बनवायचा. लातूरच्या एका दवाखान्याचं मोठं काम मिळालं, म्हणून त्याने हौसेने नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. मशीन झोकात चालू व्हायचं, पडद्यावर सगळं स्वच्छ दिसायचं. पण फिल्म बनवायला लावली की दोन मिनिटांत ठप्प! दोन दिवस हाच खेळ चालला होता आणि सुगतच्या डोक्याने केव्हाच आग घेतली होती.

"मी लातूरला खोली बघितली हाय. उद्या जातो. तिथं तरी लाईट धड असंल."

"आरं, थोरल्या बहिणीला असं बोलत्यात का?" आई, भामाबाई, कळवळून म्हणाली.

"मग काय बोलू? तिला शिकायची आवडच नव्हती, तूच सांगती की! मग कळत न्हाई तिथं हात घालावा कशाला?"

भामाबाईंचे ओठ हलले. पण महामायाने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्या माउलीने मान खाली घातली.

दुसरी कोणी असती तर पदर डोळ्यांना लावून आत गेली असती. डोळे महामायाचेही भरून आले होते, नाही असं नाही... पण बाईचा स्वभावच विलक्षण! समोर एखादी वस्तू बंद पडलेली दिसली, की तिचं दुःखसुद्धा रांगेत उभं राहायचं. दोन मिनिटांनीच का बंद पडतं? चालू होताना का नाही? हा प्रश्न तिच्या मनात शिरला आणि अपमान बापडा दाराशी थांबला.

"पुन्हा एकदा चालू कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"जायाचंच हाय तर उद्या जा. आज एकदा चालू कर."

तिने दुकानातला मीटर आणून बोर्डाला लावला. दोनशे एकतीस व्होल्ट. सुगतने फिल्म लावली, कार्डाचे पंखे घोंघावू लागले, आणि... ठप्प! मीटरचा आकडा मात्र जागचा हलला नव्हता.

"बघ, घरची लाईट पडलीच न्हाई," महामाया म्हणाली. जिंकल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. ती केव्हाच पुढे गेली होती. "मग आत कोण कमी पडून राहिलंय? कार्डाला वीज कोण देतं?"

"हा डबा. पॉवर सप्लाय. साडेसहाशे वॉटचा हाय, जुन्या कार्डाला चालत होता की!"

तिने स्क्रू काढून तो डबा तळहातावर तोलला. "एवढा हलका?" वर पाच हॉर्सपॉवरची पट्टी आणि आत जेमतेम तीनपुरतं तांबं, अशा मोटारी तिने आयुष्यात ढिगाने उघडल्या होत्या. मोठ्या आकड्यावर तिचा विश्वास नव्हताच. ती खालची बारीक अक्षरं वाचू लागली.

"कार्ड किती व्होल्टवर चालतं?"

"बारा."

"मग बाराची लाईन इथं अठ्ठावीस अँपिअरचीच हाय. म्हंजे तीनशे छत्तीस वॉट. कार्ड किती खातं?"

"दोनशे पंच्याऐंशी."

"आन् प्रोसेसर?"

"सव्वाशे..." सुगतचा आवाज आपोआप खाली आला.

"झाले चारशे दहा! बाकीचं सामान धरून साडेचारशे. आन् मोटार चालू होताना जसा दणका देती, तसं हे कार्ड मधूनच दणका देत असंल का रे?"

सुगतने मोबाईलवर शोधलं. बराच वेळ वाचत राहिला. "देतं, आक्का. क्षणभर दुप्पट ओढतं म्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं नवा डबा आणायला नांदेडला गेली. दुकानदार शिवशंकर सुगतकडे बघूनच बोलत होता. त्याने थेट हजार वॉटचा डबा पुढे सरकवला.

"एवढा कशाला?" महामायाने विचारलं. "आमाला लागतात साडेचारशे. दणक्याला जागा सोडली तरी साडेसातशे पुरं. पण बाराच्या लाईनीवर अँपिअर किती, ते दाखवा."

"बासष्ट."

"हां! म्हंजे जवळपास सगळे वॉट बाराच्याच लाईनीवर. आन् कार्डाला दोन तोंडं हायत, तर वायरी दोन येगळ्या द्या. एकाच वायरीची दोन तोंडं नको, तापंल ती."

शिवशंकरने हातातला डबा खाली ठेवला. "मॅडम, कोणत्या कॉलेजात शिकवता तुम्ही?"

महामाया खळखळून हसली. इतक्या वर्षांत तिला असं कोणी विचारलंच नव्हतं! त्या आनंदाच्या भरात बोलून गेली, "शिकवते कुठली! लातूरच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला नंबर लागला व्हता, तेवढंच..."

आणि तिने जीभ चावली.

डबा घेऊन दोघं दुकानाबाहेर आली. सुगत रस्त्यातच थांबला. "नंबर कधी लागला होता, आक्का?"

"जाऊ दे ना."

"कधी?"

"बाबा गेले त्या साली. तू सहा वर्षांचा व्हतास. बाबांचं दुकान बंद पडलं असतं, बाळा..."

"मग आई का म्हणायची, आवड नव्हती म्हणून?"

"मीच तिला तसं सांगायला लावलं. खरं कळलं असतं तर एकेका पुस्तकाला हात लावताना तुझा जीव अवघडला असता. लेकरानं मोकळ्या मनानं शिकावं, एवढंच वाटलं..."

हाय रे दैवा! त्याच शिक्षणाच्या जोरावर काल त्याने तिला अडाणी ठरवलं होतं! भर बाजारात तो बाप्या माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मला माफ कर, आक्का... कोणत्या तोंडानं बोललो गं मी तुला!"

"येडा हाइस का? लोक बघून राहिलेत," ती म्हणाली आणि स्वतःच पदराने डोळे पुसू लागली.

घरी येऊन तिनेच डबा बसवला. फिल्म सुरू झाली. दोन मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, मशीन चालतच राहिलं. सुगतने लातूरच्या खोलीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. भामाबाईंनी चुलीपाशी बसून मनसोक्त रडून घेतलं.

महामायाची नजर मात्र त्या घोंघावणाऱ्या कार्डावरच होती.

"एवढी वीज खाऊन हे आत करतं तरी काय रे?"

आजवर तिच्या अशा प्रश्नांना सुगतचं एकच उत्तर असे, तुला न्हाई कळायचं. आज तो उठला, आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः शेजारी खाली बसला. पडद्यावरचं चित्र लाखो ठिपक्यांचं असतं, प्रत्येक ठिपक्यावर उजेड कुठून येतो त्याचं गणित कार्ड करतं, आणि हजारो गणितं एकाच वेळी करतं, असं सगळं त्याने समजावून सांगितलं.

"एकाच वेळी?" महामायाचे डोळे चमकले. "मग कुठला ठिपका कुणी करायचा, हे त्यांना वाटून कोण देतं?"



"मला न्हाई माहीत, आक्का."

"मग रे?"

"मग काय? बघू. दोघं मिळून."

भामाबाईंनी जेवायला तीनदा हाक मारली. एकही उठलं नाही.