उलट्या टोकांचे उंट

बेल वाजली तेव्हा दर्शनाला वाटलं, क्लासचं कुणी आलं. दारात एक उंच माणूस, हातात गोंदाची बाटली आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"मी नयन, कोपरीहून. तुम्ही माझ्या उंटांची मुंडकी उडवलीत... ती बसवायला आलोय."

दोन महिने हा आवाज फक्त फोनवर होता. डोंबिवलीतल्या आपल्या बुद्धिबळाच्या क्लाससाठी तिने त्याच्याकडून लाकडी संच करून घेतला होता – १९५० साली डुब्रोवनिकच्या ऑलिंपियाडमध्ये मांडला होता, हुबेहूब तसा. आधी मापांसाठी फोन, मग लाकडासाठी, मग... कारणाशिवायच. संच आला, तर पांढऱ्या उंटांची टोकं काळी आणि काळ्यांची पांढरी. दर्शनाबाईंनी वाफ देऊन चारही टोकं सोडवली, अदलाबदल केली आणि ऐटीत फोटो पाठवला: तुमची चूक सुधारली.

ती चूक नव्हतीच. मूळ संचातले उंट तसेच होते.

"बुद्धिबळ शिकवता, आणि एवढं माहीत नाही?" खुर्ची ओढत तो म्हणाला.

"आधी सांगायचंत ना."

"सांगितलं असतं तर आज इथे आलो असतो का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. साडेबाराला शाळेची बस येणार. दोन महिन्यांत त्याला सगळं सांगून झालं होतं, फक्त घटस्फोटाचं आणि कल्पिताचं राहिलं होतं – तिच्या सहा वर्षांच्या लेकीचं.

त्याने तिने नुसती टेकवलेली टोकं उचलून पुन्हा अदलाबदल केली, गोंद लावला, दोन उंट तिच्या हातात दिले. दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचे, हलायचं नाही. दोघं समोरासमोर, चारही हात अडकलेले. टेबलाखाली तिचा पाय मात्र थांबेना. आता याला उठून जाता येणार नाही... बोलून टाक.

"मला मुलगी आहे. सहा वर्षांची. घटस्फोटाला तीन वर्षं झाली."

त्याचं हसू थांबलं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"खेळते का ती?"

"नुसता घोडा नाचवते. बाकीच्यांचा कंटाळा येतो तिला."

"हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"फोन ठेवून देता येतो."

त्याने हातातले उंट न सोडता मान डोलावली. मग हळूच म्हणाला, रविवारी कोपरीला या, दोघी. घोडा कसा कोरतात ते तिला दाखवतो.

खाली हॉर्न वाजला. गोंद केव्हाच धरला होता.

"मीही येऊ... खाली?"

दर्शनाने उंट पटावर ठेवले आणि त्याच्यासाठी दार उघडं धरलं.