होल्डवर वाजणारी चाल

“लांब सुराआधी छाती भरून घ्यायची. मध्ये तोडायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्याला श्वास लागतच नाही.”

ट्रम्पेटवाल्या मास्तरांचं हे सांगणं फौजदारबाईंच्या कानात अजून तसंच होतं. मास्तर जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाई पोलिसातून निवृत्त होऊन जॅझ मंडळात ड्रम वाजवायला आल्या, तेव्हा मास्तर हसून म्हणाले होते, “या. माणसांना बडवून झालं, आता हे बडवा.”

त्या सकाळी बाई देवापुढचा दिवा सारखा करत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे सेक्रेटरी होते, दातांचे डॉक्टर.

“बाई, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट देण्याच्या लाइनवर फोन लावा. कुणी उचलला तर ठेवा आणि परत लावा.”

“तब्येत बरी आहे ना?”

“माझी बरी आहे. मंडळाची बिघडलीय. आधी ऐका, मग बोला.”

बाईंनी फोन लावला. ‘कृपया प्रतीक्षा करा’ असं एक बाई गोड आवाजात म्हणाली आणि पियानो सुरू झाला. मास्तरांची चाल! बाईंचा पाय आपोआप ताल धरू लागला. लांब सुरापाशी तो अडखळला. परत धरला, पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच अडखळला. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

मंडळाचा रिवाज साधा होता. चाल बांधली की तिची प्रत तालमीच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची. मंडळातल्या कुणीही ती घ्यावी, वाजवावी, हवी तशी वळवावी. बाहेर द्यायची तर बांधणाऱ्याला विचारून, त्याच्या नावानिशी. आणि बांधणारा गेला की वर्षभर त्याची एकही चाल कुणी वाजवायची नाही. हे मौन सगळे नेमासारखं पाळत.

हॉस्पिटलला होल्डवरच्या धुना पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसानं बाईंना फोनवर सांगितलं, “आमच्या साइटवर कुणीतरी टाकली. संगीतकार अज्ञात. कुणीही वापरा, नाव देऊ नका, अशी परवानगी देऊन.”

“टाकली कुणी?”

“ते सांगता येत नाही, मॅडम.”

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक पेशंट तोंड उघडून पडला होता. डॉक्टर त्याला तसाच सोडून बाहेर आले.

“मंडळात पियानो वाजवणारा एकच. आपला ट्यूनर,” ते म्हणाले. “संध्याकाळी बैठक आहे. त्याला काढायचं. कपाटालाही कुलूप लावतो.”

“त्याला विचारलंत?”

“विचारलं. मान खाली घालून बसतो. चोर नाही तर काय?”

“मास्तरांच्या आजारपणात तो त्यांच्याकडे जायचा?”

“कोण जाणार? शेवटी शेवटी मास्तरांनी आपल्याला दारात तरी उभं केलं का? असं वाजवताना कुणी ऐकायला नको, म्हणाले.”

बाईंनी वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, फोन लावला. नवऱ्याची चाल चोरीला गेलीय हे त्यांना परक्याकडून कळू नये. फोन एंगेज. थोड्या वेळानं पुन्हा लावला. एंगेज.

पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरचं दुकान म्हणजे पियानोंचा दवाखानाच. तो एका उघड्या पियानोत कोपरापर्यंत शिरला होता.

“तुम्ही दिलीत चाल?”

“नाही, बाई.”

“मग कुणी दिली?”

तो तार पुसत राहिला.

“संध्याकाळी तुम्हाला काढतायत. तीस वर्षं वाजवलंत त्यांच्यासोबत.”

“काढू देत. मला रेकॉर्डिंगला वेळ तरी कुठे होता? महिनाभर बाहेरचीच कामं. शाळेचा पियानो, मग मास्तरांच्या घरचा...” तो एकदम थांबला.

“मास्तरांच्या घरचा?”

“जुना आहे. पडून पडून बिघडतो.” त्यानं फडकं खाली ठेवलं. “बाई, हे प्रकरण सोडून द्या. माझ्यावर राहू दे. पाया पडतो.”

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या निघाल्या. वाटेत वहिनींना पुन्हा फोन लावला. अजून एंगेज.

दार वहिनींनीच उघडलं. खोली नीटनेटकी होती. मास्तरांचा ट्रम्पेट पेटीत बंद. पियानोचं झाकण मात्र उघडं, आणि त्यावर फोन पालथा घातलेला.

“बसा ना. चहा टाकते.”

“नको वहिनी. तुम्ही बसा. मी सांगते, चुकलं तर थांबवा.”

वहिनी पियानोच्या स्टुलावर बसल्या.

“फोनवर ती चाल ऐकताना माझा पाय लांब सुरापाशी अडखळतो. तिथे एक मात्रा जास्त आहे. वाजवणारी सूर धरते, सोडते, श्वासाएवढी थांबते आणि तोच सूर पुन्हा धरते. पियानोला श्वास कशाला लागतो? आणि कपाटातल्या प्रतीत तिथे थांबा नाही. मंडळात कुणी तो सूर तोडला असता, तर मास्तरांनी त्याला फाडून खाल्लं असतं. म्हणजे चाल कपाटातून गेलेली नाही. मास्तरांना दम पुरत नव्हता तेव्हा ते जशी वाजवायचे, तशी ती वाजलीय. ते ऐकलं एकाच माणसानं.”

वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

“ट्रम्पेटवाला गेलेल्या घरात पियानो सुरात का लावून घेतात? कुणीतरी वाजवतं म्हणून. ट्यूनर ते समजला, म्हणून गप्प आहे. आणि वहिनी, सकाळपासून तुमचा फोन एंगेज आहे. कुणाशी बोलताय?”

वहिनींनी फोन उलटा केला आणि आवाज मोठा केला. ‘आपण रांगेत आहात.’ मग पियानो.

“तिथे कुणी लवकर उचलत नाही,” त्या म्हणाल्या. “बरं असतं. उचललाच तर चुकून लागला म्हणते.”

दोघी ऐकत राहिल्या. श्वासाएवढी शांतता आली आणि गेली.

“तुम्ही सगळे इतके महिने गप्प बसलात. त्यांच्या मानासाठीच बसलात, कळतं मला. पण मला घर खायला उठायचं. वाटलं, कुठेतरी वाजत राहू दे. मी वाजवते तेव्हा मीच वाजवते, बाई. फोनवर ती दुसरीकडून येते. ते बाहेरच्या खोलीत बसलेत असं वाटतं.”

“मग त्यांचं नाव का पुसलंत?”

“नाव घातलं असतं तर मौन मोडलं म्हणून तुम्हाला कळलं असतं. लाज वाटली. साइटवर चाल टाकताना एक चौकोन होता, ‘नाव नको’ म्हणून. मी त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या नावावर मीच बोट ठेवलं.”

बाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

“वहिनी, ट्यूनरला आज मंडळातून काढतायत. चोर म्हणून.”

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. “ट्यूनरभाऊंना? अहो, त्यांनी पियानो लावल्याचे पैसे घेतले नाहीत हो. जाताना म्हणाले, वहिनी, मधला सूर हळुवार ठेवलाय.” त्या रडू लागल्या. “मंडळाला मी सांगते. माझ्या तोंडानं सांगते. पण आधी ट्यूनरभाऊंची माफी मागायचीय. त्यांना इथे आणाल? आपणहून ते यायचे नाहीत.”

“आणते.”

“आणि डॉक्टर ही चाल फोनवरून काढायला लावतील.”

“लावू देणार नाही. मास्तरांचं नाव घालायला लावू. चाल राहील.”

वहिनींनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, मग सोडला.

बाई जिना उतरल्या. खिशात फोन थरथरला. डॉक्टरांचा फोन; चोर सापडला का, हेच विचारणार. बाईंनी फोन तसाच वाजू दिला. दवाखाना उजवीकडे होता. त्या डावीकडे वळल्या, ट्यूनरच्या दुकानाकडे.