कोपऱ्यावरच्या दोन टिचक्या

रंगनाथशेठ मोऱ्यांनी मोबाइल टेबलावर आपटला. "चार वाजेपर्यंत सांगा, मॅडम. नाहीतर ही पोरगी पोलिसांच्या गाडीत बसली म्हणून समजा."

ही पोरगी म्हणजे ललिता. पेठहून निफाडला आलेली, शेठच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसात कॉम्प्युटरवर बसणारी. भिंतीला टेकून ओढणीचं टोक पिळत होती.

आरोही तपासाचं काम घेऊन नाशिकहून आली होती. सोबत तिची सासू अक्काबाई. अक्काबाईचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. कॉम्प्युटर म्हणजे गाणी न लावणारा टीव्ही, इतकीच तिची समजूत. पण जन्म द्राक्षबागेत गेलेला, आणि सुनेला परक्या दारात एकटी सोडायची तिच्या घरची रीत नव्हती.

प्रकरण साधं, पण वाईट होतं. औषध मारल्यावर काही दिवस घड तोडायचे नसतात. शेठला माल देणाऱ्या भिमाजीच्या बागेची फवारणीची तारीख कुणीतरी फाईलमध्ये मागे नेली. माल वेळेआधी तुटला, तपासणीत औषध सापडलं, आख्खा कंटेनर परत आला. बदल झाला होता ललिताच्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत.

"मी जेवायला गेली होती, आजी. कॉम्प्युटर उघडाच राहिला. पण मी नाय केलं."

"दार उघडं टाकून पंगतीला बसलीस, अन् वर चोर शोधायला आम्ही!" अक्काबाईने सुनावलं.

"तेव्हा खोलीत कोण आलं होतं?" आरोहीने विचारलं.

"यादवसाहेब आणि आमचा संतोष, दोघंही येऊन गेले," शेठ म्हणाले. "लाइट गेली होती. यूपीएस कोकलत होता, तो पाच मिनिटांत मान टाकतो."

आरोहीने फाईल उघडली. प्रत्येक बागेचं पान वेगळं, क्रेटच्या प्रत्येक खेपेची ओळ वेगळी. इतर पानांवर वरपासून खालपर्यंत एकच तारीख. भिमाजीच्या पानाला अक्काबाईने चष्मा लावला.

"दोन, तीन, चार, पाच... रोज फवारा? बाग हाय का दवाखान्यातला पेशंट?"

"पोरीने मनाला येईल तशा ठोकल्या तारखा!" शेठ फणकारले.

"मनाला येईल तशा असत्या तर मी अडले असते," आरोही म्हणाली.

मग तिने एकेकाला आत बोलावलं. पडद्यावर मजुरांची नावं होती. प्रत्येकापुढे 'निफाड' लिहायचं, एवढंच काम.

यादव बागांचा सल्लागार. "मी थांबा म्हणूनच सांगितलं होतं," असं म्हणत त्याने एका बोटाने प्रत्येक ओळीत अक्षर न् अक्षर टिपलं. अक्काबाईला जांभई आली. "कोंबडी बरी. ती दाणे तरी लवकर संपवते."

ललिताने माउसला हातच लावला नाही. एकदा लिहिलं, खालच्या ओळी बटणांनीच निवडल्या, कंट्रोल आणि डी दाबलं. रकाना भरला.

शेठचा पुतण्या संतोष, इथला सुपरवायझर, हसत आला. "एवढंच?" एकदा लिहून त्याने माउसचा बाण चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर नेला आणि दोनदा टिचकी मारली. 'निफाड' सरसर खालपर्यंत उतरलं.

"दोन टिचक्या, काम फत्ते. वेळ वाचतो."

"लय हुशार! लग्न झालंय का रे?"

"झालंय की, अक्का. भिमाजी माझे सासरे."

अक्काबाईला यात लग्नापलीकडे काही दिसलं नाही. आरोहीने मात्र सगळ्यांना आत घेतलं.

"संतोषभाऊ, तीच युक्ती पुन्हा करा. 'निफाड'च्या जागी तारीख लिहा."

संतोषचा हात माउसवर थबकला.

"कर," शेठ म्हणाले.

दोन टिचक्या. पडद्यावर दोन तारीख उतरली. मग तीन, चार, पाच...

"नाव खाली जसंच्या तसं उतरतं," आरोही म्हणाली. "तारीख मात्र या युक्तीने दर ओळीला एक दिवस पुढे सरकते. कंट्रोल-डीने ती आहे तशीच राहते, म्हणून ललिताने भरलेल्या पानांवर सगळीकडे एकच तारीख आहे. यादवसाहेब एकेक ओळ लिहितात. त्यांची चूक झाली असती, तरी अशी शिस्तीत चढत गेली नसती. आणि यूपीएस तोवर मेला असता. राहिलात तुम्ही, संतोषभाऊ. यूपीएस कोकलत होता. वरची तारीख बदललीत, दोन टिचक्या मारल्यात, सेव्ह केलंत. खाली काय उतरलं, ते बघायलाच थांबला नाहीत."

"घड तडकायला लागले होते, काका," संतोष म्हणाला. "सासऱ्यांचा फोन सारखा येत होता..."

"आणि या लेकराला गाडीत बसवत होतास?" अक्काबाई कडाडली.

शेठनी मोबाइल उचलला, पुतण्याकडे एकदा पाहिलं आणि पोलिसांचा नंबर लावला. मग ललिताला म्हणाले, "चुकलो, पोरी. बस तुझ्या जागेवर."

ललिता बसली. डोळे वाहू लागले तशी तोंड धुवायला उठली. दाराशी पोचून परत फिरली, दोन बटणं दाबली. पडदा कुलूपबंद झाला.

"हां," अक्काबाई म्हणाली. "आता जा."