पगाराचं हसू

उशिरा येणाऱ्याला उशिरा आलेलाच जोडीदार मिळणार, हा इरावतीबाईंच्या नृत्यवर्गाचा नियम होता. तळेगावच्या एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्या जोडीनं नाचायला शिकवत. ऑगस्टमधल्या एका रविवारी अपेक्षा धावतपळत पोचली, तेव्हा दारात आणखी एक जण भिजलेली छत्री मिटत उभा होता.

"म्हणजे आपण दोघं... शिक्षेवर?" तिनं हसून विचारलं.

"तसं दिसतंय. मी श्रीयश. आणि आधीच सांगून ठेवतो, मला चेहरे वाचता येत नाहीत. तुम्ही खूश आहात की वैतागलात, मला कळायचं नाही. पायावर पाय पडला तर सरळ ओरडा."

दोन वर्षांपूर्वी सोमाटण्याला मोटरसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार बसला होता. बाकी सगळं भरून आलं. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, रुसवा, आनंद ओळखणं तेवढं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनीच त्याला इकडे धाडलं होतं.

"चेहऱ्याची वाट बंद आहे ना, मग मेंदूला हाताची वाट दाखवू," इरावतीबाई म्हणायच्या. "जोडीनं नाचताना पुढचं पाऊल टाकायच्या आधी समोरच्याच्या मनाचा अंदाज घ्यावाच लागतो. तोच तुझा व्यायाम."

अपेक्षाचं नेमकं उलटं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात ती रिसेप्शनवर होती. पाहुण्यांना नाचात सामील करून घेता यावं म्हणून हॉटेलनंच तिला शिकायला पाठवलं होतं. खोली गळकी निघो, पाहुणा अंगावर येवो, तिचं हसू ढळत नसे. सहा वर्षांत ते चेहऱ्यावर असं काही बसलं होतं, की घरी आल्यावरही उतरायचं नाव घेत नसे. मग तिचं काही बिनसलंय, हे कुणाला कळावं तरी कसं?

पहिल्या रविवारी श्रीयशनं तिचा पाय तीनदा तुडवला. पाचव्या रविवारी एकदाही नाही. आठव्या रविवारी मात्र तीच चुकली. त्याच्या तळहाताची ऊब पाठीवर होती आणि पावलं मोजायचं भान राहिलं नव्हतं.

"आज लक्ष कुठंय तुमचं?"

"आहे की... इथंच, जवळपास," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. त्या लाल होण्याचा अर्थ त्याला कळणार नव्हता, याचं तिला फार बरं वाटलं.

त्या दिवशी चहा पिताना त्यानं सांगितलं, "माझं लग्न ठरलं होतं. ती समोर बसून रडायच्या बेतात होती, आणि मी तिला विचारत होतो, पोह्यांवर लिंबू पिळू का? मोडलं मग. आता कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, असं ठरवलंय."

अपेक्षा हसली. आत कुठंतरी खोलवर दुखलं.

त्याच आठवड्यात बेगडेवाडीला तिच्या घरी स्थळ आलं. मुलगा देहूरोडच्या डेपोत, नोकरी पक्की. मंडळींनी प्रश्न विचारले, अपेक्षा सवयीनं हसत राहिली. त्या हसण्यालाच होकार समजून भामाबाईंनी, तिच्या आईनं, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला. अपेक्षा गप्प राहिली. ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, त्यानं तर दार लावून घेतलेलं...

रविवारी ती हसतच हॉलमध्ये शिरली. लग्न ठरल्याचं सांगताच सगळ्यांनी अभिनंदन केलं, श्रीयशनंही. संगीत सुरू झालं. दोन पावलं, तीन पावलं, आणि तो थांबला.

"तुम्हाला हे लग्न नकोय."

"मी तर हसतेय."

"हसत असाल. मला त्यातलं काही कळत नाही. पण एरवी मी पुढं आलो की तुमचा हात सैल होतो. आज तो मागं ओढतोय... आणि सुटायलाही तयार नाही."

अपेक्षाचे डोळे भरून आले. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हसण्याला फसलं नव्हतं.

"आणि म्हणे तुम्हाला माणसं कळत नाहीत," ती म्हणाली. "मला तो मुलगा नकोय. तुम्ही हवे आहात."

"तेही मगाशीच कळलं होतं," श्रीयश म्हणाला. "धीर तेवढा होत नव्हता. मलाही... तुम्हीच हव्या आहात."

दुपारी दोघं बेगडेवाडीला गेले. भातकापणीवरून आलेल्या भामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या दिशी हसलीस कशाला?"

"ते पगाराचं हसू होतं, आई."

भामाबाईंनी तोंड फिरवलं आणि हातातला विळा भिंतीला टेकवून ठेवला. आता सगळं संपलं, असं अपेक्षाला वाटलं. तेवढ्यात श्रीयश पुढं झाला.

"मावशी, तुम्ही चिडलात का, ते मला चेहऱ्यावरून कळत नाही. हात देता का?"

चक्रावून त्यांनी हात पुढं केले. अंगणात त्यानं त्यांना हलकेच दोन पावलं मागं नेलं, दोन पुढं आणलं. शेजारच्या विठाबाई कुंपणावरून बघतच राहिल्या.

"रागावला नाहीत तुम्ही," तो म्हणाला. "घाबरलायत."

"व्हय रं बाबा," भामाबाईंचा आवाज ओला झाला. "लेकीला कुटं दुखतंय, ते मला आईला कळलं न्हाई. परक्या घरात कुणाला कळंल, याचीच लय भीती वाटती."

"आणि आता?" अपेक्षानं विचारलं.

भामाबाईंनी त्याचे हात अजून सोडले नव्हते. "आता काय... देहूरोडच्यास्नी मी सांगती, पोरगी न्हाई म्हनती. आन् ह्यांच्या घरी कदी जायाचं, ते ईचार ह्यांना."