हात धुतल्यावर नाव

आमच्या गडमुडशिंगीत यात्रेच्या दिवशी रस्त्यात मोबाईल बघत उभं राहू नये. राहिलात, तर कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवणार हे नक्की.

तो तसाच उभा होता. निळा शर्ट, कपाळावर घाम. एकदा मोबाईलकडे बघायचा, एकदा आमच्या दाराकडे. तेवढ्यात माझे आजोबा, म्हणजे आबा, बाहेर आले.

“अवो पावणं, उन्हात काय उभारलाय? चला आत, पानं मांडल्यात.”

“न्हाई, मी जरा... मला ते...”

“चला म्हनतो न्हवं!”

आबांनी त्याचं मनगट धरलं. आबांनी धरलं की बैलसुद्धा मुकाट चालतो. हा तर शर्ट इन केलेला माणूस!

आबांचा एक नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दारात आलेल्या पाहुण्याला जेवून हात धुतल्याशिवाय नाव-गाव विचारायचं नाही. आधी विचारून वाढलं तर ते जेवण नव्हे, चौकशी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पप्पांना वाटलं हा काकांचा पाहुणा, काकांना वाटलं हा पप्पांचा, आणि सगळे त्याला अगत्याने “घ्या की, लाजू नका” म्हणत राहिले.

तांबड्या रश्श्याची बादली घेऊन मी त्याच्यापुढे आले. त्याने खालच्या आवाजात विचारलं, “अवो... हे आदर्श चौगुल्यांचं घर हाय न्हवं?”

“न्हाई.”

“मग कुणाचं?”

“आमचं.”

त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. “आयला... म्हंजे, सॉरी. मी उठतो.”

“उठून तर बघा. भरल्या ताटावरनं पावणा उठला तर आबा वरीसभर आमच्यासंगं बोलायचे न्हाईत.”

“अवो, पण आदर्श तिकडं वाट बघतोय. तिकडं पण जेवायचंय! निदान आजोबांना माझं नाव तरी सांगू द्या.”

“जेवल्यावर. आमच्यात आधी इचारत न्हाईत. गप जेवा.”

“मग तुमी वाढायचं तरी थांबा की,” असं म्हणून त्याने वाटीवर हात आडवा धरला.

आमची आई म्हणते, वाटीवरच्या हाताची बोटं बघायची. बोटं मिटलेली असली तर पाहुण्याला खरंच पुरे झालं. बोटांत फट असली तर तो नुसता लाजतोय, खुशाल वाढावं. या पाहुण्याच्या बोटांत चांगली फट होती. मी वाढलं. दोनदा वाढलं. दुसऱ्यांदा तो हसला आणि मला उगीचच बादली जड वाटायला लागली.

हात धुताना त्याचा फोन वाजला, आणि आबा पान-सुपारी घेऊन येईपर्यंत तो पळाला.

संध्याकाळी आबांनी विचारलं, “ते निळ्या शर्टातलं पोरगं कुणाकडचं?”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी खाली मान घालून पातेलं घासत राहिले. मला तरी कुठे नाव ठाऊक होतं? आणि त्याचीच तर चुटपुट लागली होती.

...

मी राजारामपुरीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. जुलै महिना होता, चार दिवसांची झड लागलेली. सकाळी रांगेतला पुढचा पेशंट खुर्चीत बसला. मी वर न बघताच विचारलं, “नाव?”

“तुमच्यात जेवल्याशिवाय नाव इचारत न्हाईत न्हवं?”

मी चटकन मान वर केली. ओला रेनकोट, आणि आत... तेच हसू.

“हितं उलटं असतंय,” मी जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. “हितं उपाशी माणसालाच नाव इचारत्यात. सकाळपासनं काय खाल्लंय का?”

“न्हाई. कंपनीची मेडिकल हाय.”

“मग सांगा.”

“राजवीर.” मग जरा थांबून, “आणि तुमचं?”

मी छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं. त्याने ‘वर्षाराणी’ एवढं नाव वाचायला बराच वेळ घेतला.

सुई बघताच मात्र त्याने डोळे घट्ट मिटले. मी सुई काढली, कापूस लावला, दंडाचा पट्टा सोडला, तरी ते मिटलेलेच.

“झालं?”

“कवाच.”

“त्या दिवशी दोन घरचं जेवलो,” तो डोळे उघडत म्हणाला, “दोन दिवस ताकावर हुतो. पण चुकून आलो ते बरंच झालं.”

आमच्याकडे रिपोर्ट मोबाईलवर जातो. तो न्यायला हा स्वतः आला. पुढच्या आठवड्यात ‘बिल पाहिजे’ म्हणून आला. त्यानंतर कारण सांगायचंही सोडून दिलं, आणि मीही विचारायचं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तो मशीनवर होता, घर गडहिंग्लजला, घरात आई आणि दोन म्हशी. माझी बस येईपर्यंत आम्ही एका छत्रीत उभं राहायचो. छत्री तो धरायचा, आणि रोज त्याचा डावा खांदा भिजायचा. मला तो आवडला होता. अगदी मनापासून आवडला होता, आता लपवून काय करू?

“घरात आपल्या लग्नाचं इचार की,” एकदा तो म्हणाला.

“कोण इचारणार? मुलीकडच्यांनी आधी मुलाच्या घरी जायचं असतंय. आणि आमच्या घरात तू कोण हेच कुणाला ठाऊक न्हाई.”

“मग माझी आई येईल तुमच्याकडं.”

“मुलाकडचे आधी आले तर पोरात कायतरी खोट हाय म्हणतील. आबा पहिलं तेच म्हणणार.”

“म्हंजे तुमी यायचं न्हाई, आमी यायचं न्हाई?”

“पद्धत हाय तशी.”

“मग ह्या पद्धतीत लगीन कसं हुतंय गं कुणाचं?”

आम्ही खूप हसलो. दिवाळीनंतर मात्र कागलचं स्थळ आलं आणि हसू पळालं. मुलगा इंजिनिअर, आबा-पप्पा आधी कागलला जाऊन घर बघून आले, आबांनाही पसंत. मी फोन केला.

“रविवारी पावणे येणार हायत. मला बघायला.”

तो म्हणाला, “तू घरात काय सांगितलंस?”

“काय सांगू? पोरीनं आपल्या तोंडानं सांगायचं नसतंय.”

“आणि पोरानं काय करायचं असतंय?”

“मला काय ठाऊक! पोरगं तू हायस!”

मी फोन ठेवला आणि गोठ्याच्या मागे जाऊन रडले.

...

पाच जण येणार असा निरोप होता, दोन गाड्या भरून अकरा आले. त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज मुलाच्या मामांचा. मी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांचा ट्रे नेला. एकेकापुढे प्लेट धरत गेले आणि शेवटच्या खुर्चीशी थबकले.

निळा शर्ट!

तो गाड्यांच्या मागोमाग आला होता आणि आबांनीच हाताला धरून त्याला आत बसवलं होतं. कागलची माणसं समजत होती, हा घरचा. घरची समजत होती, हा कागलचा.

“तुमाला कुठंतरी बघितलंय, पावणं,” आबा त्याला म्हणाले.

“व्हय अज्जा,” तो म्हणाला आणि खाली मान घालून पोहे खाऊ लागला.

“नाव काय पोरी?” मामांनी मला विचारलं. नाव बायोडाटावर होतं, पत्रिकेवर होतं. तरी विचारायची पद्धत. मी सांगितलं. शिक्षण सांगितलं, स्वयंपाक येतो म्हणून सांगितलं. पृथ्वीराज, म्हणजे ते इंजिनिअर, बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजत होते.

पोहे झाले. चहा झाला. हात धुऊन झाले. आबांनी पानाचा डबा पुढे केला, आणि नियमाप्रमाणे आता विचारायची वेळ झाली.

“मामा, हे कोपऱ्यातलं पावणं तुमचं कोण?”

“आमचं?” मामा म्हणाले. “आमी म्हटलं, तुमचंच कोणतरी.”

राजवीर उभा राहिला. चेहरा पार उतरलेला, पण आवाज नीट होता.

“अज्जा, मी वर्षाराणींकडचा पावणा हाय.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं.

“खरं हाय, पोरी?”

मान हलवून भागलं असतं. पण मग वाटलं, त्याने एवढं केलं, आता मी मानच हलवत बसू?

“व्हय आबा. मला... मला ह्योच पायजे. ह्या पावण्यांची माफी मागते, त्यांचा काय दोष न्हाई.”

मामा ताडकन उठले. “ह्येला काय अर्थ हाय? घरी बोलवून—”

“मामा,” पृथ्वीराज हळूच म्हणाले, “ती खरं बोलली, बरं झालं. चला.” जाताना ते माझ्याकडे बघून जरा हसले. भला माणूस. आबांनी सगळ्यांना टोपी-नारळ दिला, फाटकापर्यंत सोडायला गेले, हात जोडून दोनदा चुकलं म्हणाले. मग सावकाश परत आले.

राजवीर तिथेच उभा होता. पप्पा काहीतरी बोलणार, एवढ्यात आबांनी हात वर केला.

“यात्रेला जेवून पळालेलं ते तूच न्हवं?”

“व्हय, अज्जा.”

“म्हंजे दोनदा आमच्या घरात खाल्लंस. आणि आमाला एकदा तरी बोलावलंस का? ही काय रीत झाली?”

तो गोंधळून गेला. “न्हाई... म्हंजे... चुकलं.”

“मग आता आमालाच जेवाय यायला पायजे तुझ्याकडं. कुठलं गाव?”

“गडहिंग्लज. माझं नाव—”

“नाव ऱ्हाऊ दे!” आबा गरजले. “नाव तुझ्या घरात, जेवून हात धुतल्यावर, तुझ्या आईला इचारीन. मुलीकडच्यांनीच आधी जायचं असतंय. सकाळी गडहिंग्लजला यष्टी किती वाजता हाय?”

पप्पांनी कपाळाला हात लावला. आईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हसत होते. मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं.

“वर्षा,” आबा म्हणाले, “पावणं उभं हाय. पोहं वाढ.”

मी पातेलं घेऊन त्याच्यापुढे गेले. भिजलेल्या डोळ्यांनी त्याने प्लेटवर हात आडवा धरला.

पाचही बोटं एकमेकांपासून लांब लांब. मी वाढत गेले.