समुद्राकडे पाठ

"ताई, जग इथे पैसे मोजून समुद्र बघायला येतं आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसता. शोभतं का हे?"

भावजयीने हे म्हटलं तेव्हा नव्या घरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि ताई दिवाणखान्यातल्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरीसारखी बसली होती. भिंतीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं... पाठीमागे मात्र जमिनीपासून छतापर्यंत काच होती, काचेपलीकडे समुद्र होता, आणि त्या समुद्रावरून उसळून आत येणारं पांढरं, निर्दय ऊन होतं. 'होईल गं सवय हळूहळू,' एवढंच ती पुटपुटली. त्यावर भावजय म्हणाली की सवयीचं काही नाही, काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसतच नाही, जुन्या अंधाऱ्या बिळातच त्यांचा जीव रमतो. ताईने खाली मान घातली. तिचा धाकटा भाऊ तिथेच कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याने एक घोट घेतला, समुद्राकडे पाहिलं आणि आज क्षितिज किती स्वच्छ आहे, असं म्हणाला.

धाकट्याला आता कुणी धाकटा म्हणत नसे. तो किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलाचा मॅनेजर होता, आणि घरातसुद्धा चालताना मागून कुणीतरी सामान घेऊन येत असल्यासारखा चालत असे.

या शहरात विकायला दुसरं होतंच काय? ऊन! दूरदूरच्या थंड, ढगाळ गावांतून माणसं येत, धुणं वाळत घालावं तशी वाळूवर स्वतःला वाळत घालीत, एका बाजूने लाल झाली की दुसऱ्या बाजूवर वळत, आणि जाताना म्हणत, इथेच घर घ्यावं. त्यांना हसण्यात अर्थ नाही, बिचाऱ्यांना मिळत नाही म्हणून ती येतात. पण ज्या गावात ऊन परमेश्वराने फुकट ओतून ठेवलं आहे, त्याच गावात जन्मून, तेच ऊन विकत घ्यायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं? इथल्या जुन्या लोकांची घरं आतल्या गल्ल्यांत होती... जाड भिंतींची, एकमेकांना खेटून उभी, समुद्राकडे खांदा वळवलेली, आणि त्यांच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा सकाळी लागत त्या ऊन कललं की उघडत. झडपांच्या फटींतून जेवढा उजेड येई तेवढ्यात पिढ्या जन्मल्या, शिकल्या, म्हाताऱ्या झाल्या. ताई आणि धाकटाही अशाच एका घरात वाढले होते. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून त्या घरातली आईही ताईच होती आणि बापही.

हॉटेलाच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम तिला मिळालं तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. खालून ओल्या चादरींच्या टोपल्या वर येत. दोघींनी चादरीची टोकं धरायची, झटकायची, दोरीवर टाकायची, चिमटे लावायचे, की पुढची. वर पांढरं आभाळ, खाली चुन्याने पांढरी केलेली गच्ची, मधे पांढऱ्या चादरींच्या रांगा, आणि समोरून समुद्राचा आरसा. बरोबरच्या बायका दोन-चार वर्षांत काम सोडून जात, लग्नं करीत. ताईने केलं नाही. धाकट्याची शाळा होती, मग हॉटेलाचं शिक्षण होतं, मग परगावचं राहणं होतं... तो मॅनेजर होऊन परत आला त्याच महिन्यात त्याने तिला गोड शब्दांत सांगितलं, 'ताई, आता पुरे हं, आता तू विश्रांती घ्यायची.' ती कृतज्ञतेने रडली. मॅनेजरची सख्खी बहीण मॅनेजरच्याच गच्चीवर चादरी झटकते हे पाहुण्यांना कळलं तर काय होईल, ही त्या विश्रांतीमागची खरी कळकळ तिच्या मनातही आली नाही. निर्मळ माणसाचं हेच तर दुर्दैव, त्याला दुसऱ्याचा चिखल दिसतच नाही.

पुढे तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येऊ लागलं. हॉटेलात येणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तपासलं. इतकी वर्षं ऊन आणि खारा वारा सोसून डोळ्यांवर पडदा चढत आला होता, आत जे बिघडायचं तेही बिघडलं होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली मात्र टिकली असती, एका अटीवर. 'तुमचं ते झडपांचं घर सोडू नका,' डॉक्टर म्हणाले. 'लख्ख उजेडापासून लांब राहा. तेवढंच औषध आहे.'

नेमकं त्याच दिवसांत धाकट्याने नवं घर पाहिलं होतं.

दलालाने ते त्याला संध्याकाळी दाखवलं. दलाल लोक हे घर संध्याकाळीच दाखवतात. सूर्य बुडताना समुद्र गुलाबी होतो, काचा सोनेरी होतात आणि शहाणी माणसंही थोडी वेडी होतात. दलालाने दोन्ही हात पसरून सांगितलं की साहेब, ही भिंत नाही, हे आभाळ आहे, इथे पडदा लावणं म्हणजे पाप. पापपुण्याची एवढी चाड त्याला आणखी कुठे असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण मॅनेजर विरघळला. घरी येऊन तो कित्येक दिवस तेच बोलत राहिला... काच, गॅलरी, क्षितिज. फक्त एक अडचण होती. जुनं घर विकल्याशिवाय नवं होत नव्हतं, आणि जुन्या घरावर ताईचंही नाव होतं.

ताईने त्या दिवशी देवापुढे हात जोडून खूप विचार केला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, तर माझा धाकटा एका शब्दाने हा बेत मोडेल, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग तो जन्मभर त्या गल्लीत राहील, हसेल, चुकूनही बोलून दाखवणार नाही, आणि आतल्या आत झुरत राहील... माझ्या दोन डोळ्यांपायी! ज्याच्यासाठी सारं केलं, त्याच्या सुखाच्या आड आता शेवटी यायचं? तिने त्याला सांगितलं, की वयाने पाणी येतं डोळ्यांत, दुसरं काही नाही. तो म्हणाला, 'जपत जा.' सहीच्या वेळी त्याने तिचं बोट हातात धरून कागदावर नेमक्या जागी टेकवलं. किती माया करतो, असं तिला वाटलं.

नव्या घरात तिला जागा मिळाली ती सामानाच्या खोलीत. खिडकी नव्हती, म्हणून तिने मनोमन देवाचे आभार मानले. पण भावजयीला ती खोली डाचत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल आम्हीच नणंदेला कोंडून ठेवलंय, असं म्हणत ती रोज सकाळी ताईला ओढून दिवाणखान्यात आणून बसवी, आणि ताई काचेकडे पाठ करून बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. ताई हट्टी आहेत. ताई रुसल्यात. ताईंना सगळ्यांनी आपली समजूत घातलेली हवी आहे. ताई हे सारं प्रसादासारखं ओंजळीत घेई. वाईट एवढंच वाटे, की दिवसागणिक भिंतीचा कोपराही धूसर होत चालला होता, आणि भावजयीचा चेहरा आता केवळ आवाजावरून आठवावा लागत होता.

महिन्याभराने मॅनेजरने मंडळींना घर दाखवायला जेवायला बोलावलं, भर दुपारी, समुद्र पूर्ण चकाकत असताना. सकाळीच तो ताईच्या खोलीत आला. हळू आवाजात म्हणाला, की आज बरीच माणसं येतील, तुला गर्दीचा त्रास होईल, तू आपली इथेच पड. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको एवढी बोलते, पण हा माझा किती विचार करतो...

पाहुणे आले. काचेला नाक लावून उभे राहिले, वा म्हणाले, घामेजले, आणि खुर्च्या हळूहळू आतल्या भिंतीकडे सरकवू लागले. काही बायांनी काळे चष्मे घालूनच सरबत घेतलं. हॉटेलाचे म्हातारे डॉक्टरही आले होते. ते काचेसमोर उभे राहिले, वा मात्र म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमची बहीण कुठे असते आता?"

"असते ना इथेच," मॅनेजर हसून म्हणाला. "जरा पडलीय."

भावजयीला मात्र लपवाछपवीची सवय नव्हती. तिने तिथूनच हाक मारली. ताई आली. भिंतीला हात लावत, पावलं मोजत, आणि दिवाणखान्याच्या दाराशी तो सगळा उजेड अंगावर येताच दोन्ही हात डोळ्यांवर घेऊन जागच्या जागी थिजली.

डॉक्टरांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "मी तुम्हाला तुमच्या ऑफिसात बसून सांगितलं होतं," ते मॅनेजरला म्हणाले, "बाईंना उजेडात ठेवू नका, त्यांची नजर जाईल. तुम्ही मान डोलावली होती. आणि नंतर हे घर घेतलंत?"

मॅनेजरने हातातल्या कॉफीच्या कपात पाहिलं.

"ती काही बोलली नाही," मॅनेजर म्हणाला. तो डॉक्टरांशी बोलत होता की कपाशी, ते कळत नव्हतं. "मला वाटलं, तिला त्रास असता तर बोलली असती. ती सही करायला तयार होती... मी कसं विचारणार होतो?"

ताईने हात डोळ्यांवरून काढले नाहीत. ज्याच्यापासून लपवण्यासाठी तिने एवढा आटापिटा केला, त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. तिने आपलं दुःख त्याच्यापासून झाकलं होतं आणि त्याने ते झाकलेलं राहू दिलं होतं. त्याला तेच सोयीचं होतं. बोट धरून सही करून घेतली ती मायेने नव्हे. तिला कागद दिसत नाही हे त्याला माहीत होतं म्हणून! सगळा जन्म ज्याला सोनं समजून उराशी धरलं, ते उजेडात आल्यावर पितळसुद्धा निघू नये...

"कसली नजर? कुणाची नजर जाईल?" भावजय एकदा नवऱ्याकडे, एकदा ताईकडे बघत होती. मग तिची दृष्टी त्या कोऱ्या भिंतीसमोरच्या खुर्चीवर गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

ती आत गेली. पलंगावरचे जाड निळे पलंगपोस उपसून आणले, सोफ्यावर चढली आणि काचेवरच्या पडद्याच्या रिकाम्या दांडीला एक एक अडकवू लागली. मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला, काय चाललंय हे, माणसं बसलीत.

"तुम्ही बोलूच नका," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळली. "मंडळी, समुद्र काही पळून जात नाही. खाली उतरून बघा, तिथे फुकट आहे."

पाहुणे गेले. डॉक्टर सगळ्यात शेवटी, ताईच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्या बिनखिडकीच्या खोलीत भावजय जमिनीवर बसली आणि तिने ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तोंडाने एवढी वाजणारी बाई, पण रडताना आवाज होत नव्हता. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मी फटकळ आहे, ताई. बोलते, टोचते, सगळं खरं. पण मी तुम्हाला आंधळं करायला निघाले नव्हते हो... रोज सकाळी मीच ओढून नेत होते तुम्हाला."

"तुला काय माहीत, पोरी."

"सांगितलं असतंत तर भांडले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आज पहिल्यांदा तिला हा चेहरा बोटांनी कळत होता... ओला, गरम, लहान. जी बोलत होती तिला ती इतके दिवस घाबरली, आणि जो गप्प होता त्याच्या गप्प बसण्याला माया समजत राहिली. उद्यापासून गल्लीत भाड्याने का होईना, झडपांचं एखादं घर बघायचं, असं भावजय म्हणत होती. दोघींनी जाऊन राहायचं. ज्याला क्षितिज हवंय त्याने क्षितिजाजवळ राहावं.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. मॅनेजर उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मागून, पलंगपोसांच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप ताईच्या तोंडावर पडली आणि ती कळवळली. त्याला ते दिसलं. तरी तो तसाच उभा राहिला, कुणीतरी आपल्याला आत बोलवावं म्हणून वाट बघत.

"ताई," तो म्हणाला, "मी आत येऊ?"

भावजयीने तोंड फिरवलं. ताईने मन चाचपलं. राग शोधून पाहिला, तो सापडला नाही. माया शोधली, तीही पूर्वीच्या जागी नव्हती. तिथे आता एका लहान, कोत्या माणसाबद्दलची दया तेवढी उरली होती.

"ये," ती म्हणाली. "पण आधी दार ओढून घे. ऊन येतंय."