डॉक्टरांचं आवडतं पुस्तक

दाताच्या डॉक्टरांना वाचनाचं भारी वेड. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून झाला, की सध्या आपण काय वाचतोय ते त्याला रंगवून सांगायचे. पेशंटला 'हं' आणि 'आं' यापलीकडे मत देता येत नसे, त्यामुळे आपली आवड सगळ्यांना पटते असा डॉक्टरांचा समज झाला होता. वर्ष संपलं, की त्या वर्षात सगळ्यात आवडलेली पुस्तकं ते बाहेर बाकाशेजारच्या टेबलावर मांडून ठेवायचे.

यंदा तीन होती. एक समुद्रपक्ष्यांवरचं, एक कुलपांच्या इतिहासाचं आणि एक बारीकशी कादंबरी. कादंबरी त्यांची लाडकी. दीपगृहावर एकटा राहणारा म्हातारा, दूरदेशी गेलेला मुलगा, आणि वाट पाहणं. दुसरं काहीच नाही. ती वाचताना डॉक्टर असे हुंदके देऊन रडले होते, की मावशी हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आली होती. ही त्यांची सख्खी मावशी. तिनेच त्यांना वाढवलं आणि दवाखान्याचं बाहेरचं टेबलही तीच सांभाळायची.

टेबलावर पुस्तकं ठेवली त्याच सकाळी बाहेरून हसू ऐकू आलं. डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. बँकेतला कॅशियर, गाल भोपळ्यासारखा सुजलेला, एका हाताने जबडा धरून खदाखदा हसत होता. मांडीवर ती कादंबरी.

"हसताय?" डॉक्टर दुखावलेच.

"आई गं... डॉक्टर, हा दातवाला भलताच आहे हो!"

"कोण दातवाला? त्यात एक म्हातारा आहे आणि दीपगृह आहे."

कॅशियरने त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि पुन्हा फुटला.

दुपारी डॉक्टरांनी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. म्हातारा होता, लाटा होत्या. दात कुठेच नव्हता.

मग रोजचंच झालं. शाळेतल्या बाई हसल्या, शिंपी हसला, कधी कुणाशी न बोलणारा पोस्टमास्तर डोळे पुसत आत आला आणि म्हणाला, "दात उपटायच्या आधी तो स्वतःच डोळे मिटून घेतो. काय पण!"

डॉक्टरांनी मास्क आणखी वर ओढला. कारण ते तसंच करायचे. मास्कमुळे आणि चष्म्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि स्वतःची दाढ किडलीय," पोस्टमास्तर खुर्चीत रेलत म्हणाला, "पण दुसऱ्या डॉक्टरकडे जायची हिंमत नाही!"

डॉक्टरांची जीभ आपोआप डावीकडच्या खालच्या दाढेवर गेली. हे त्यांनी मावशीलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी पुस्तक उचलून खणात टाकलं. सकाळी ते परत टेबलावर!

"पुस्तक दिसलं नाही की लोक चिडतात रे," मावशी म्हणाली. "दात न दुखणारेही हल्ली येऊन बसतात. चार माणसं हसतायत तर तुझ्या का पोटात दुखतं?"

"मग तूच मोठ्याने वाच. सगळ्यांसमोर."

मावशीने चष्मा चढवला. बाक भरलेला होता. डॉक्टर दाराला टेकून उभे राहिले.

"म्हाताऱ्याने दिव्याची काच पुसली," मावशी वाचू लागली, "आणि बाहेर पाहिलं. आजही समुद्रावर काहीच नव्हतं."

बाकावरचे लोक पोट धरधरून हसले. शाळेतल्या बाईंना उचकी लागली. मावशीला तर हसता हसता पुढचं वाक्य वाचवेना.

डॉक्टरांच्या डोळ्यांत मात्र सवयीने पाणी आलं होतं. ते पाहून तर लोक आणखीच हसले.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारणं सोडलं. हसतील, हसतील आणि थांबतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि खरंच थांबले.

एका सकाळी बाहेर शांतता होती. कॅशियर वाचत होता. पुस्तक संपत आलं होतं. शेवटचं पान वाचून त्याने ते अलगद मिटलं, उठला आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमचा हात फार हलका होता, डॉक्टर," तो म्हणाला आणि दात न दाखवताच निघून गेला.

शिंप्याने डोक्यावरची टोपी काढली. बाईंनी डॉक्टरांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, शेवटी काय होतं गं?"

"तू वाचलंयस ना?" मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. त्या दिवशी तिने त्यांचा पांढरा कोट स्वतः इस्त्री करून दिला. कॉलरसुद्धा नीट केली, लहानपणी शाळेत पाठवताना करायची तशी.

दुपारी एक तरुण मुलगी आली. दात दुखत नव्हता. हातात मोजायची टेप होती.

"अय्या, सॉरी," ती ओशाळली. "मला वाटलं दवाखाना रिकामा झाला असेल. जागा मोजायला मी जरा लवकरच आले वाटतं."

"तुम्ही ते पुस्तक वाचलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं पुस्तक?"

मावशी उठली. खिडकीपाशी जाऊन त्या मुलीला म्हणाली, "ही जरा अडकते हं. उचलून ढकलायची. मग येते सवय."

मुलीने मान डोलावली. टेपचं एक टोक तिने मोठ्या अदबीने डॉक्टरांपुढे धरलं.

"एवढं भिंतीशी धरता का, प्लीज?"

डॉक्टरांनी धरलं.